लग्नाआधीचा कागद, लग्नानंतरची दुरुस्ती



 

वकील आणि दस्तलेखकांच्या या किन्हवलीच्या संमेलनाच्या पत्रिकेत अध्यक्ष म्हणून माझ्या नावापुढे ‘दोन तालुक्यांतील वकिलीचा आढावा’ असं छापलंय, म्हणजे शहापूर आणि मुरबाडचा. टिपणं आणली आहेत. समृद्धी महामार्गाचं भूसंपादन, कुळांच्या नोंदी, सातबाऱ्यातल्या चुका, सगळं त्यात आहे. पण यातल्या बहुतेक गोष्टी सकाळच्या सत्रांत होऊन गेल्या. मला बोलायचंय ते लग्नाआधी लिहिलेल्या करारांबद्दल, आणि लग्नानंतर त्यांत करायच्या दुरुस्तीबद्दल. हा विषय कित्येक वर्षं माझ्या मनात आहे आणि आपल्या व्यासपीठांवर तो कधी निघत नाही.

सकाळी एका तरुण सहकाऱ्यानं चहाच्या वेळी मला विचारलं, ‘मॅडम, लग्नाआधीचा करार लोकधोरणाविरुद्ध, म्हणून मुळातच रद्द. मग त्यात दुरुस्ती कसली?’ भारतीय करार कायद्याचं कलम 23 त्यांना तोंडपाठ होतं. कोलकात्याचा 1901 चा टिकैत मोनमोहिनी जेमादईचा निकालही ठाऊक होता. नवऱ्यानं कायम सासुरवाडीलाच राहायचं, अशी लग्नाआधीची अट त्या निकालात टिकली नाही. बरोबर आहे. पण ती अट राहण्याची होती. आपल्याकडे येणाऱ्या कागदात पाच-सात कलमं असतात. राहायचं कुठं, नांदायचं कसं, ही कलमं पडतात. दागिना कुणाचा, घर कुणाचं, आधीच्या मुलांचं शिक्षण कोण करणार, या प्रत्येकाला आपापला कायदा आहे. सगळा कागद एका फटक्यात टाकून देणं सोपं पडतं, म्हणून आपण टाकतो. पक्षकार मात्र तो पत्र्याच्या ट्रंकेत जपून ठेवतो आणि त्या कागदाप्रमाणे पंधरा-पंधरा वर्षं वागतो.

आणि लग्नात लिहून ठेवणं हे काही मुंबईचं फॅड नाही. आपल्याकडे बैठकीत यादी होते, दोन्हीकडची जाणती माणसं सह्या करतात. हुंडाबंदी कायद्याखालचे 1985 चे नियम तर सांगतातच की वधूवरांना मिळालेल्या भेटींची यादी लेखी ठेवा, वस्तूचं वर्णन, अंदाजे किंमत, देणाऱ्याचं नाव आणि नातं लिहा, आणि त्यावर वधूवरांची सही घ्या. तुमच्यापैकी किती जणांनी अशी यादी करून दिली, हे मी इथे विचारत नाही.

आता मुद्द्यावर येते. बिजवराशी लग्न झालेली एक विधवा, शाई नदीपलीकडच्या गावातली. पदरात पहिल्या नवऱ्याची मुलगी. त्याला पहिल्या बायकोचे दोन मुलगे. लग्नाआधी शंभराच्या स्टॅम्पवर लिहिलं होतं, ‘शेतजमीन व घर यांवर मी कधीही हक्क सांगणार नाही; मुलीचं शिक्षण व लग्न पती करील.’ खाली तिचा अंगठा. पुढे भूसंपादनात गेलेल्या शेताचा मोबदला आला आणि मुलांच्या बोलण्यातला सूर बदलला. नवरा माणूस म्हणून चांगला होता. तिला घेऊन माझ्याकडे आला आणि म्हणाला, ‘हिच्यासाठी कागद बदलायचाय.’

कागद चार घड्यांचा होता, रेशनकार्डासोबत प्लास्टिकच्या पिशवीत. घडीवरची अक्षरं पुसट झालेली. तिच्या अंगठ्याच्या बाजूला एकही साक्षीदार तिच्या माहेरचा नव्हता. मी नवऱ्याला बाहेर चहाला पाठवलं आणि तिला विचारलं, तुला काय हवं? बराच वेळ ती बोलली नाही. मग म्हणाली, ‘पैसा नको, पैसा पोरं काढून घेतील. माझी चूल माझ्या नावावर करा. आणि पोरीचं लिवलंय ते तसंच ऱ्हाऊं द्या.’

नवरा मोबदल्यातला वाटा द्यायला निघाला होता. तिला हवं होतं घर. दोघं एकाच छपराखाली राहत होती आणि हे त्याला ठाऊक नव्हतं. मी तिला एकटीला बसवलं नसतं, तर मलाही कळलं नसतं.

एका सहकाऱ्यानं सुचवलं, पुरवणी करारनामा करा, नोटरी करा, अर्ध्या तासाचं काम. मी नकार दिला. वडिलोपार्जित जमिनीत मुलांचा जन्मतः वाटा, तिथं त्याला एकट्याला काही देता येत नव्हतं. घर मात्र त्यानं मुरबाडच्या एमआयडीसीत नोकरी करून, स्वतः जागा घेऊन बांधलेलं. त्याचं आम्ही बक्षीसपत्र केलं, दोन साक्षीदार, दुय्यम निबंधकांकडे नोंदणी. राहतं घर बायकोला बक्षीस दिलं तर मुद्रांक शुल्क 200 रुपये, वर अधिभार आणि नोंदणी खर्च. ग्रामपंचायतीच्या नमुना 8 वर तिचं नाव लागलं. जुन्या करारातलं हक्क सोडण्याचं कलम दोघांनी नव्या दस्तात स्पष्ट शब्दांत रद्द केलं, मुलीचं कलम कायम ठेवलं. पुढे तो वारला. मुलं शंभराचा स्टॅम्प घेऊन आली. नोंदणीकृत दस्त वाचला आणि परत गेली. दावा झालाच नाही.

त्याच सुमारास दुसऱ्या गावातल्या एका बाईला नवऱ्यानं नोटरी केलेल्या पुरवणीवर घर ‘दिलं’. तो गेल्यावर त्या कागदावर तिला काहीच मिळालं नाही, कारण स्थावराचं बक्षीस नोंदणीशिवाय होत नाही. वारस म्हणून वाटा मिळाला, तोही सावत्र मुलांबरोबर भांडून. नोटरी पुरे की नोंदणी हवी, हा आज सकाळच्या सत्रात निघालेला वाद माझ्यापुरता तिथेच मिटला.

हेही लक्षात घ्या, की पहिल्या बाईनं लिहून दिलेला ‘कधीही हक्क सांगणार नाही’ हा शब्द तसाही लंगडाच होता. पुढे कधी मिळेल अशा वारसाहक्काचं हस्तांतर मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम 6 प्रमाणे होत नाही. मोबदला घेऊन हक्क सोडला तर न्यायालयं वेगळं म्हणू शकतात, पण तिला कुणी काही दिलं नव्हतं. तरी तो शब्द इतकी वर्षं तिच्या मानेवर बसलेला होता.

दुरुस्ती कधी करायची, हा माझा खरा सांगावा आहे. करार कायद्याचं कलम 62 सांगतं, दोघांनी मिळून करार बदलला की जुना पाळायची गरज नाही. कलम 25 सांगतं, मोबदला नसला तरी जवळच्या नात्यात, मायेपोटी, लेखी आणि नोंदणी करून दिलेलं वचन टिकतं. पण 1900 मध्ये राजलक्ष्मी देवीच्या खटल्यात काय झालं? भांडणं पुष्कळ झाल्यावर नवऱ्यानं नोंदणीकृत कागदावर वेगळं राहण्याचा खर्च लिहून दिला. न्यायालय म्हणालं, या कागदात माया कुठेच दिसत नाही. बाईच्या हाती काही आलं नाही. नोंदणी होती, सही होती, पण वेळ गेलेली होती. आपण पक्षकाराला ‘भांडण झालं की या’ असं सांगून परत पाठवतो. नेमकं उलट सांगायला हवं.

शेजारच्या गोव्यात 1867 ची पोर्तुगीज संहिता आहे. तिथे लग्नाआधी मालमत्तेची पद्धत निवडून करार करता येतो, पण लग्न लागलं की तो बदलता येत नाही. गोव्याच्या कायद्याचं कौतुक आपल्याकडे फार होतं, त्यातलं पुष्कळसं रास्तही आहे. या एका बाबतीत मात्र तो मला मान्य नाही. लग्नाच्या आदल्या आठवड्यात बावीस वर्षांच्या मुलीला जे कळतं, त्यावर तिचं पुढचं सगळं आयुष्य बांधून ठेवायचं? फ्रान्सनं 1965 मध्ये लग्नानंतर बदल करायला वाट दिली. आयल ऑफ मॅनमधल्या मॅक्लिओड खटल्यात तर 1994 चा लग्नाआधीचा करार नवराबायकोनं 2002 मध्ये बदलला आणि 2008 मध्ये प्रिव्ही कौन्सिलनं तो बदल मानला. इतकं लांब कशाला? आपल्या मुसलमान शेजाऱ्यांत मेहेर लग्नानंतर वाढवता येतो, बायकोला तो सोडताही येतो. हा नियम किती जुना आहे, ते बघा.

पुढच्या कामाबद्दल थोडं. लग्नानंतरच्या दुरुस्तीचा मराठीत एक नमुना मसुदा व्हायला हवा, सोप्या भाषेत, घर आणि दागिना वेगवेगळे. कोणत्या कलमाला नोंदणी लागते आणि कोणत्याला नाही, याचं एक पान दस्तलेखकांकडे लावायला हवं. किन्हवलीत बाजाराच्या दिवशी एखादी मोफत बैठक घेता येईल का, तेही बघू. तपशील ठरायचे आहेत. मसुद्याच्या कामात ज्यांना यायचं असेल त्यांनी जेवणाच्या वेळी माझ्याकडे नाव द्यावं. बायांनी जास्त संख्येनं यावं.

एक गोष्ट मात्र आजच ठरली असं समजा. ज्या दस्तावर बायकोची सही आहे आणि तिच्याशी कुणी एकटीशी बोललेलं नाही, तो दस्त तपासून घ्यायला माझ्याकडे आणू नका. आधी नवऱ्याला चहाला पाठवा.