यवनांच्या यादीतील तूप आणि तांदूळ

राजगडाच्या पायथ्याशी, पाली दरवाज्याच्या वाटेवर असलेल्या पाली गावाच्या परिसरात भात हे पावसाळ्याचे मुख्य पीक असून वरकस जमिनीत, म्हणजे डोंगरउतारावरील हलक्या मातीत, नाचणी आणि वरई घेतली जाते. पश्चिम भारतातील अशाच साध्या शेतमालाची नोंद इ. स. पहिल्या शतकाच्या मध्यास एका ग्रीक भाषिक लेखकाने करून ठेवली, हे सहसा ध्यानात घेतले जात नाही.

इजिप्तमध्ये राहणाऱ्या या अनामिक लेखकाचा ग्रंथ 'पेरिप्लस' या नावाने ओळखला जातो. पेरिप्लस म्हणजे बंदरे, अंतरे आणि माल यांची माहिती देणारे सागरी मार्गवर्णन. पैठणचा गोमेद आणि तगर, म्हणजे आजचे तेर, येथील कापड गाड्यांतून बिकट वाटांनी भडोच बंदरात येई, हे त्यातील वर्णन इतिहासकारांनी पुष्कळ चर्चिले आहे. त्या मानाने त्याच ग्रंथातील धान्याची यादी उपेक्षित राहिली. भडोच बंदरातून आणि अरियाके या पश्चिम भारतातील प्रदेशातून आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील बंदरांकडे गहू, तांदूळ, तूप, तिळाचे तेल आणि उसापासून होणारा गोड पदार्थ जात असे, असे तो लेखक सांगतो.

ग्रीकांच्या स्वतःच्या आहारात जव, गहू, ऑलिव्हचे तेल आणि द्राक्षासव यांना मान होता, तर लोणी हे परक्यांचे खाणे समजले जाई. तरीही तुपाची नोंद पेरिप्लसच्या लेखकाने कोणताही तुच्छभाव न दाखवता केली, यात त्याची खरी व्यापारी दृष्टी दिसते. अथेन्ससारखे नगर काळ्या समुद्राकडून येणाऱ्या धान्यावर अवलंबून होते आणि तेथील बाजारावर 'अगोरानोमोस' नावाचे अधिकारी देखरेख ठेवीत. धान्याचा व्यापार किती मोलाचा, हे त्या परंपरेला नवे नव्हते.

राजगड ज्या पुणे जिल्ह्यात आहे, त्याच जिल्ह्यातील जुन्नरच्या लेण्यांत पेरिप्लसमधील या नोंदीला जोडून वाचावे असे शिलालेख आहेत. यवन, म्हणजे ग्रीक अथवा पश्चिमेकडील परदेशी, म्हणवणाऱ्या चिट नावाच्या दात्याने भिक्षुसंघास भोजनमंडप दिल्याचे एक लेख सांगतो, तर दुसऱ्यात धान्य व्यापाऱ्यांच्या श्रेणीने, म्हणजे व्यावसायिक संघाने, सात खोल्यांचे लेणे आणि पाण्याची पोढी, म्हणजे टाके, दान केल्याची नोंद आहे. कार्ल्याच्या स्तंभांवरील यवनांच्या नावांना मोठी प्रसिद्धी मिळाली. शेती आणि अन्न यांच्या इतिहासासाठी मात्र जुन्नरचे हे दोन लेख अधिक मोलाचे आहेत.