ती स्क्रीन



सरांचा ‘फ्लेक्स’ आठवतो? एका गार्डने दुसरीला पास द्यायचा. कोपऱ्यातली मुलगी सेंटरच्या स्क्रीनला खेटून बास्केटखाली धावायची. पास देणारीने लगेच खाली जाऊन सेंटरसाठी स्क्रीन लावायची, म्हणजे सेंटर फ्री-थ्रो लाइनजवळ मोकळी. शॉट मिळेना तर तेच दुसऱ्या बाजूने. मला ते पाढे वाटायचे. (आता पोटासाठी दिवसभर लूपच लिहिते!)

दहावीच्या फायनलला मी पास दिला आणि बॉलमागेच पळाले. सेंटर अडकली, तिच्याकडे टाकलेला बॉल गेला, मॅच गेली. सगळ्यांनी तिलाच बोल लावला. मी गप्प राहिले.

आमची सेंटर आज तिसऱ्या रांगेत बसली आहे. अगं, ती स्क्रीन मी लावायला हवी होती.