शस्त्रनियंत्रण आणि मुका केलेला समाज



शस्त्रनियंत्रणाचा विषय निघाला की डोळ्यांपुढे उभी राहतात ती क्षेपणास्त्रे, उपग्रह आणि मेजाच्या दोन बाजूंना बसलेले राजदूत. या विवेचनाचा प्रारंभ मात्र एका शवविच्छेदनगृहातून करणे भाग आहे.

एप्रिल १९७९. उरल पर्वताजवळचे स्वेर्दलोव्स्क हे औद्योगिक नगर; आजचे येकातेरिनबर्ग. तेथील धडधाकट माणसे ताप आणि धाप लागून दोन-चार दिवसांत दगावू लागली. किमान ६६ जण मृत्युमुखी पडले. काळपुळीने, म्हणजे अँथ्रॅक्सने, मेलेल्या जनावरांचे मांस खाल्ल्याने हे घडले, असे शासनाने सांगितले. फाइना अब्रामोवा आणि लेव्ह ग्रिनबर्ग या विकृतिशास्त्रज्ञांना शवविच्छेदनात मात्र छातीतील ग्रंथी रक्ताने भरलेल्या आढळल्या. विष पोटातून नव्हे, श्वासातून शिरले होते. केजीबीने रुग्णालयांतील कागदपत्रे उचलून नेली. परंतु या दोघांनी मृतांच्या ऊतींचे नमुने लपवून ठेवले आणि तेरा वर्षे जपले.

याच सोव्हिएत संघाने १९७२ साली जैविक अस्त्रांवरील बंदीच्या करारावर स्वाक्षरी केली होती. १९७५ मध्ये करार अमलात आला, तेव्हा त्याच्या तीन अभिरक्षक राष्ट्रांपैकी सोव्हिएत संघ एक होता. रक्षकच तो! करारात तपासणीची तरतूद नव्हती. क्षेपणास्त्रांचे तळ उपग्रहाला दिसतात. जंतूंची प्रयोगशाळा मात्र वरून लसीच्या कारखान्यासारखीच दिसते. तिच्यात काय शिजते हे ठाऊक असते ते तेथे राबणाऱ्यांना आणि आसपास राहणाऱ्यांना. त्यांनाच मुके केले की करारभंगाला साक्षीदार उरत नाही. १९८८ मध्ये सोव्हिएत डॉक्टरांनी अमेरिकेत जाऊन मांसाचीच कथा सांगितली आणि तेथील काही नामवंत वैज्ञानिकांना ती पटलीही. विद्वत्ता आणि भोळेपणा एकत्र नांदू शकतात.

सोव्हिएत संघ कोसळल्यावर १९९२ मध्ये बोरिस येल्त्सिन यांनी लष्कराचा दोष मान्य केला. १९७९ साली तेच त्या प्रांताचे पक्षप्रमुख होते, हे विसरता येत नाही. त्याच वर्षी मॅथ्यू मेसेल्सन यांचे पथक तेथे गेले. बहुतेक मृतांची घरे वा कामाची ठिकाणे लष्करी वसाहतीपासून निघणाऱ्या एका चिंचोळ्या पट्ट्यात आढळली. त्याच रेषेत पन्नास किलोमीटरपर्यंतच्या गावांत जनावरे मेली होती. २ एप्रिलला वारा त्याच दिशेने वाहत होता.

खुलेपणा मात्र अर्धाच होता. नव्या रासायनिक अस्त्रांविषयी जाहीरपणे लिहिणारे विल मिर्झायानोव्ह ऑक्टोबर १९९२ मध्ये गजाआड गेले आणि जानेवारी १९९३ मध्ये रशियाने रासायनिक अस्त्रबंदी करारावर स्वाक्षरी केली. खटला १९९४ मध्ये मागे घेतला गेला.

पुढे हा फटही बुजत गेला. दडपशाहीच्या नोंदी जपणारी ‘मेमोरियल’ संस्था डिसेंबर २०२१ मध्ये न्यायालयाच्या आदेशाने विसर्जित झाली. फेब्रुवारी २०२३ मध्ये पुतिन यांनी ‘न्यू स्टार्ट’ करारातील सहभाग स्थगित केला. अण्वस्त्रांच्या स्थळतपासणीची सोय असलेल्या त्या कराराची मुदतच फेब्रुवारी २०२६ पर्यंत होती.

स्वेर्दलोव्स्कची ती लष्करी वसाहत १९ क्रमांकाची. मेसेल्सन यांच्या पथकाला नगरात फिरता आले, मृतांच्या घरी बसता आले, स्मशानातील नावे वाचता आली. वसाहतीच्या फाटकातून मात्र त्यांना आत सोडण्यात आले नाही.