ब्रेकमधून कमावणारी बस

 

आजचा विषय आहे बस. रोज जिच्यात चढतो, उतरतो, आणि जी दोन मिनिटं उशिरा आली की जिच्या नावाने बोटं मोडतो, तीच आपली साधी सिटी बस.

तुम्हाला कधी असा अनुभव आलाय का? बस सिग्नलला थांबते. इंजिनाची घरघर एकदम बंद होते. वाटतं, संपलं, आता उतरून चालावं लागणार. मग दिवा हिरवा होतो आणि बस आवाज न करता पुढे सरकते. थोडा वेग आल्यावर मागून इंजिन सुरू झाल्याचं ऐकू येतं. ती बस बिघडलेली नसते, ती हायब्रिड बस असते. एकाच गाडीत डिझेल इंजिनही आहे आणि विजेची मोटारही.

आता तुम्ही विचाराल, एकाचं काम करायला दोन कशाला? त्याचं उत्तर इंजिनात नाही, ब्रेकमध्ये आहे.

जरा हिशेब करू. माणसांनी भरलेली, 18 टन वजनाची बस ताशी 50 किलोमीटरने चालली आहे. या वेगात तिच्याकडे जवळजवळ अर्धा युनिट विजेइतकी ऊर्जा असते. अर्ध्या युनिटवर आपल्या घरातला छताचा पंखा सहा तास फिरतो. ड्रायव्हरने स्टॉपवर ब्रेक दाबला की साध्या बसमध्ये यातली बहुतेक ऊर्जा ब्रेक तापवण्यात जाते आणि हवेत विरते. मग पुन्हा डिझेल जाळा, पुन्हा वेग घ्या, आणि चारशे मीटरवर पुन्हा ब्रेक. दिवसभर हेच.

आपल्याकडे भाताची पेज कोणी मोरीत ओतत नाही. मीठ-तूप घालून पितात. साधी डिझेल बस प्रत्येक स्टॉपला पेज ओतून देते. हायब्रिड बस ती वाटीत धरते. ब्रेक दाबला की तिची मोटार उलट काम करते, म्हणजे जनित्र होते, आणि तयार झालेली वीज बॅटरीत साठते. पुढच्या स्टॉपवरून निघताना हीच वीज कामी येते. सगळी पेज काही वाटीत येत नाही, थोडी सांडतेच. पण जी मिळते ती फुकट.

ही कल्पना कालपरवाची नाही. मर्सिडीज-बेंझने 1969 मध्ये फ्रँकफुर्टच्या वाहन प्रदर्शनात ओई 302 नावाची हायब्रिड बस मांडली होती. तेव्हाच्या बॅटऱ्या इतक्या जड होत्या की गोष्ट प्रयोगापुढे फारशी गेली नाही. चाळीस वर्षांनी, 2009 च्या सुमारास, त्याच कंपनीची जोडबस आली, सिटारो हायब्रिड. तिच्या चार चाकांत चार मोटारी आणि छतावर लिथियम-आयन बॅटरी. डिझेल इंजिन मात्र नेहमीच्या 12 लिटरच्या जागी फक्त 4.8 लिटरचं, कारण त्याचं मुख्य काम वीज तयार करणं. स्टॉपजवळचा थोडा रस्ता ती नुसत्या विजेवर कापायची. हांबुर्गने तर डिसेंबर 2014 पासून 109 नंबरच्या मार्गावर वेगवेगळ्या कंपन्यांच्या हायब्रिड आणि हायड्रोजनवर चालणाऱ्या बस रोजच्या प्रवाशांना घेऊन पळवल्या. प्रयोगशाळेत नव्हे, गर्दीत.

पुढे 2017 मध्ये याहून साधी हायब्रिड आली. तिला लहानशी 14 किलोवॅटची मोटार. कंपनीच्या म्हणण्यानुसार डिझेलची बचत 8.5 टक्क्यांपर्यंत. तुम्ही म्हणाल, एवढीच? पण बसचं गणित गाडीसारखं नसतं. शहरातली बस शंभर किलोमीटरला साधारण 40 लिटर डिझेल पिते. ती वर्षाला 60,000 किलोमीटर धावली असं धरा. मग खर्च 24,000 लिटर, आणि 8.5 टक्के म्हणजे 2,000 लिटर. एका बसमागे, एका वर्षात. त्यातून हवेत न गेलेला कार्बन डायऑक्साइड पाच टनांहून जास्त.

हे सगळं मी श्टुटगार्टच्या लोकांना जरा जास्त आवर्जून सांगते आहे, त्याला कारण आहे. हे शहर वाडग्यासारखं आहे. चारी बाजूंनी टेकड्या, मधे शहर. वारा नसला की धूर वाडग्यातच बसतो. नेकारटोर हा चौक तर देशभर बदनाम झाला. तिथे 2016 मध्ये नायट्रोजन डायऑक्साइडची वर्षाची सरासरी 82 मायक्रोग्रॅम होती. मर्यादा आहे 40. त्याच वर्षी जानेवारीत शहराने पहिल्यांदा धूलिकणांचा इशारा दिला, की गाडी घरी ठेवा. पुढे इशाऱ्याच्या दिवसांत बस-ट्रेनचं तिकीट अर्ध्या किमतीत मिळू लागलं. आणि 1 जानेवारी 2019 पासून जुन्या डिझेल गाड्यांना शहरात बंदी आली. आपल्यातल्या कितीतरी जणांचा पगार ज्या मोटार उद्योगातून येतो, त्याच उद्योगाच्या गावी हे घडलं, ही गोष्ट विसरू नका. त्या चौकाच्या आसपास राहणाऱ्या, शाळेत जाणाऱ्या मुलांसाठी हा आकड्यांचा खेळ नव्हता. ती हवा त्यांच्या छातीत जात होती.

आता दुसरी बाजूही सांगायला हवी. हायब्रिड बस म्हणजे शेवटी डिझेलचीच बस. कमी धूर, पण धूर. म्हणून हांबुर्गने 2020 पासून नवीन बस घ्यायची तर धूर न सोडणारीच, असं ठरवलं. ऑगस्ट 2021 पासून जर्मनीत कायदाच आहे. सरकारी पैशातून नवीन सिटी बस घेताना ठरावीक हिस्सा स्वच्छ बसचा हवा, आणि त्यातला निम्मा धूर अजिबात न सोडणारा. ज्या डिझेल हायब्रिडला बाहेरून चार्ज करता येत नाही, ती या कायद्यात स्वच्छ धरली जात नाही.

मग हायब्रिडची बाजू घ्यायची तरी कशाला?

त्याचं उत्तर शोधायला श्टुटगार्टहून एस-बान पकडून एसलिंगेनला चला. नेकारकाठचं जुनं गाव. तिथे 1944 पासून ट्रॉलीबस आहे. म्हणजे टायरची बस, पण डोक्यावर दोन दांडे आणि वर विजेच्या दोन तारा. एकेकाळी जर्मनीत अनेक गावांत अशा बस होत्या. स्वस्त डिझेलच्या दिवसांत बहुतेकांनी तारा उतरवल्या. राहिली फक्त तीन शहरं : एबर्सवाल्डे, झोलिंगेन आणि एसलिंगेन.

आणि आता त्या तारांचंच सोनं झालं आहे. एसलिंगेनच्या नव्या ट्रॉलीबसमध्ये बॅटरीही आहे. तार असेल तिथे बस तारेवर चालते आणि चालता चालताच बॅटरी भरून घेते. तार संपली की दांडे खाली, आणि पुढची वस्ती बॅटरीवर. चार्जिंगसाठी तासन्‌तास उभं राहणं नाही, छतावर टनावारी बॅटरी वाहणं नाही. टेकडीवरून उतरताना तयार झालेली वीजसुद्धा वाया जात नाही. हीसुद्धा हायब्रिडच आहे, फक्त यात डिझेलच नाही. सगळा ताफाच असा करायचं त्या गावाने ठरवलं आहे. 2023 पासून जर्मनीत वापरल्या जाणाऱ्या विजेतली निम्म्याहून जास्त वीज सूर्य, वारा, पाणी अशा मार्गांनी येते. म्हणजे धूर बसमधून निघून वीज केंद्राच्या धुराड्यात गेला, एवढंच होत नाही. तो खरोखर कमी होतो.

माझं म्हणणं इतकंच आहे. हायब्रिड बसने शहरांना ब्रेकमधून कमवायला शिकवलं. मोटार, बॅटरी, त्यांची देखभाल, डेपोतल्या मेकॅनिकचं नवं शिक्षण, हे सगळं त्या बसवर शिकून झालं. जिथे शक्य आहे तिथे थेट विजेची बस घ्या. पण जिथे पैसा नाही, चार्जिंगची सोय नाही, तिथे जुनी डिझेल बस आणखी पंधरा वर्षं ओढण्यापेक्षा हायब्रिड बरी. आणि जुनी सोय मोडण्याआधी दहा वेळा विचार करा.

हे शेवटचं वाक्य मुंबईकरांसाठी. मुंबई आणि श्टुटगार्ट 1968 पासून भगिनी-शहरं आहेत. मुंबईतही बेस्टची ट्रॉलीबस होती, 1962 ते 1971. आज साठीच्या पुढचे मुंबईकर तिची आठवण सांगतात. तरुणांना ती होती हेच ठाऊक नसतं. तारा गेल्या, डिझेल राहिलं. मग 2018 मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलासाठी एमएमआरडीएने टाटांच्या 25 हायब्रिड बस आणल्या. म्हणजे सिग्नलला उभं राहणं आणि घाटासारखी वाहतूक हे रोजचं दुखणं असलेल्या शहरात पेज वाटीत धरण्याचा प्रयत्न झाला. आता बेस्ट आणि पुण्याची पीएमपी विजेच्या बसकडे वळल्या आहेत. चांगलंच आहे.

पण बस कितीही हिरवी असली तरी एक गोष्ट तिच्या हातात नाही, ती आपल्या हातात आहे. डिझेल बस किलोमीटरला साधारण एक किलो कार्बन डायऑक्साइड सोडते. तिच्यात चाळीस माणसं असली तर माणशी 25 ग्रॅम. एकट्याने चालवलेली पेट्रोल गाडी साधारण 150 ग्रॅम. म्हणजे भरलेली बस सहापट चांगली. पण त्याच बसमध्ये चारच माणसं असली, तर माणशी 250 ग्रॅम. त्यापेक्षा गाडी परवडली! रिकामी हायब्रिड बस हिरवी नसते, नुसती रंगवलेली असते.

म्हणून तुम्हाला तीन गोष्टी सांगते.

पहिली, बस भरा. जर्मनी-तिकीट मे 2023 मध्ये 49 युरोला सुरू झालं, 2025 ला 58 झालं, 2026 ला 63. महाग झालं, खरं आहे. पण आठवड्यातले दोन-तीन दिवस ऑफिसला गाडीने जात असाल तर पेट्रोल आणि पार्किंगचा हिशेब कागदावर मांडून बघा.

दुसरी, बसलेनमध्ये गाडी घालू नका, आणि तुमच्या भागात बसलेन होत असेल तर पार्किंग जातं म्हणून लगेच विरोधाच्या अर्जावर सही करू नका. अडकलेली बस कोणालाच नको असते.

तिसरी, बोला. आपल्यापैकी अनेकांकडे जर्मन पासपोर्ट नाही, नगरपालिकेला मत देता येत नाही. पण श्टुटगार्टसारख्या शहरात बजेटसाठी नागरिकांकडून सूचना मागवतात, आणि तिथे राहणारा कोणीही सूचना देऊ शकतो, पारपत्र कुठलंही असो. तुमच्या गावात काय सोय आहे, ते राटहाउसमध्ये विचारा. आमच्या मार्गावर अजून जुनीच डिझेल बस का, हा प्रश्न मोडक्या जर्मनमध्ये विचारला तरी चालतो. उत्तर द्यावंच लागतं.

आणि सुट्टीत गावी जाल तेव्हा तिथेही विचारा. इथलं बघून आलेल्या माणसाचं बोलणं लोक ऐकतात, फक्त "आमच्याकडे जर्मनीत" अशी सुरुवात करू नका, नाहीतर पुढचं कोणी ऐकणार नाही!

उद्या सकाळी बस सिग्नलला थांबली आणि एकदम शांत झाली, तर घाबरू नका. ती पुढच्या स्टॉपसाठी साठवते आहे. शेजारची सीट रिकामी असेल तर एवढंच बघा, की परवा तिथे तुमच्या ओळखीचं कोणीतरी बसलेलं असेल.

पुढच्या कार्यक्रमात पुन्हा भेटू. तोपर्यंत सांभाळून प्रवास करा. नमस्कार.