‘दूध पुरत नाही’



 या परिषदेच्या अध्यक्षपदावरून मला एकाच वाक्याबद्दल बोलायचं आहे. आपल्या ओपीडीत ते रोज कानावर पडतं : ‘हिला दूधच पुरत नाही.’ हे वाक्य बहुतेक वेळा आई बोलत नाही. तिच्यासोबत आलेलं माणूस बोलतं, आणि आई खाली बघत असते.

बऱ्याच वर्षांपूर्वी एकवीस दिवसांचं एक बाळ माझ्याकडे आणलं होतं. वजन जन्माच्या वेळेपेक्षाही कमी. सासूबाईंनी तेच वाक्य सांगितलं. नवरा फाईल हातात धरून टेबलाशी उभा. मी बाळ तपासलं, आईला पाजायला सांगितलं आणि केसपेपरवर लिहिलं, ‘पकड नीट नाही, समजावून सांगितले.’ मग सिस्टर तिला आतल्या खोलीत घेऊन गेल्या. दहा मिनिटांनी त्या एकट्या बाहेर आल्या आणि माझ्या कानाशी म्हणाल्या, ‘मॅडम, ती डाव्याच अंगाला पाजते. उजवा हात वरच होत नाही तिचा.’ खांदा सुजून निळा पडला होता. तिने पदर सारखा त्यावर ओढून धरला होता, आणि मला ती लाज वाटली होती. मी तिचा स्तन बघितला होता, बाळाचे ओठ, जिभेखालचा पडदा, सगळं बघितलं होतं. हात बघितला नव्हता.

आपल्या भाषेत ‘पान्हा’ हा शब्द आहे. दूध तयार होणं वेगळं आणि पान्हा फुटणं वेगळं, हा फरक गोठ्यात काम करणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असतो. अनोळखी माणूस धारेला बसला, कुत्रं अंगावर आलं, की गाय पान्हा चोरते. म्हणून कुठलाही शहाणा शेतकरी गाईला मारून धार काढायला बसत नाही. बाईच्या बाबतीत हे शहाणपण घराच्या उंबऱ्याशी का थांबतं, हा प्रश्न मला आयुष्यभर छळत आला आहे.

यामागचं शरीरशास्त्र आपण सगळे शिकलो आहोत. बाळ ओढू लागलं की आईच्या मेंदूतून ऑक्सिटोसिन सुटतं, ग्रंथींभोवतीच्या पेशी आवळल्या जातात आणि दूध पुढे येतं. भीती वाटली की ऑक्सिटोसिनच्या लाटा कमी होतात, अॅड्रिनलिन वाढतं, आणि दूध आत असूनही बाहेर येत नाही. नाइल्स आणि मायकल न्यूटन या अमेरिकन दांपत्याने १९४८ साली हे एका आईवर मोजून दाखवलं. पाजताना कधी तिचे पाय बर्फाच्या पाण्यात ठेवले, कधी पायाचा अंगठा दुखेल असा ओढला, कधी गणितं घालून उत्तराला उशीर झाला की विजेचा हलका झटका दिला. शांतपणे पाजलं तेव्हा बाळाला सरासरी १६८ ग्रॅम दूध मिळालं. असा त्रास दिला तेव्हा ९९. त्रास तोच ठेवून ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन दिलं, तर १५३. दूध होतंच. त्याला वाट मिळत नव्हती.

आता त्या बर्फाच्या पाण्याच्या जागी मारणाऱ्या नवऱ्याची जिन्यावरची पावलं ठेवा. प्रयोगातल्या आईला ठाऊक होतं की पाय थोड्या वेळाने बाहेर काढायचे आहेत. मार खाणाऱ्या बाईला ते ठाऊक नसतं. आणि दूध वारंवार आत राहून गेलं की ते तयार होणंही मंदावतं. म्हणजे पहिल्या आठवड्यात जी नुसती भीती असते, ती तिसऱ्या आठवड्यात खरोखरची तूट होऊन बसते. मग वरचा डबा येतो आणि ‘हिला दूधच नाही’ यावर शिक्कामोर्तब होतं.

हे नुसतं तर्कावर सोडायचं कारण नाही. ५१ अल्प आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांतल्या पाहण्या एकत्र करून २०१९ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. जोडीदाराकडून हिंसा सोसणाऱ्या आयांमध्ये जन्मानंतर लवकर पाजायला घेण्याचं आणि निव्वळ अंगावरच पाजण्याचं, दोन्ही प्रमाण कमी आढळलं. फरक अवाढव्य नव्हता, आणि सगळ्या देशांतलं चित्र सारखंही नाही. काही बाया मार खाऊनही हट्टाने पाजत राहतात; दिवसभरात तेवढाच वेळ त्यांचा स्वतःचा असतो. म्हणून ‘हिंसा म्हणजे दूध बंद’ असं समीकरण कुणी मांडू नये. आपल्या देशापुरतं बोलायचं, तर २०१९–२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत विवाहित स्त्रियांपैकी २९ टक्क्यांहून थोड्या जास्त जणींनी नवऱ्याकडून शारीरिक किंवा लैंगिक हिंसा झाल्याचं सांगितलं. गरोदरपणी मार बसल्याचं ३.१ टक्के जणींनी सांगितलं. आणि शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्यांपैकी ७७ टक्के जणींनी ना कुठे मदत मागितली, ना कुणाला सांगितलं. या आपल्या ओपीडीत येऊन गेलेल्याच बाया आहेत. बाळाच्या लशीसाठी तर नक्कीच आल्या असतील.

आता मेंदूच्या चित्रणाकडे येते. परिषदेत यंदा या विषयाची उत्सुकता मोठी आहे, आणि ती योग्यच आहे. गरोदरपणात बाईचा मेंदू बदलतो, हे आता ठाम सांगता येतं. एलसेलिन हुक्झेमा आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवलं की पहिलटकरणींच्या मेंदूतल्या करड्या भागाचं आकारमान काही ठिकाणी घटतं आणि तो बदल किमान दोन वर्षं टिकतो. २०२४ मध्ये एकाच स्त्रीचं, गर्भधारणेच्या आधीपासून बाळंतपणानंतर दोन वर्षांपर्यंत, तब्बल २६ वेळा केलेलं चित्रण प्रसिद्ध झालं. आणि २०११ च्या एका अभ्यासात, स्वतःच्या बाळाचं रडणं ऐकताना अंगावर पाजणाऱ्या आयांच्या मेंदूतले काही भाग, त्यात अमिग्डालाही आला, बाटलीने पाजणाऱ्यांपेक्षा जास्त सक्रिय दिसले.

हा शेवटचा अभ्यास मी किती भाषणांत ऐकला असेल! ‘स्तनपानामुळे आईचा मेंदू अधिक मायाळू होतो’ असं त्याचं भाषांतर होतं. त्या अभ्यासात आया होत्या सतरा. पाजल्यामुळे मेंदू तसा झाला, की ज्यांना पाजणं जमलं त्यांचं घर, झोप आणि मन आधीपासून वेगळं होतं, हे त्यातून कळत नाही. विद्यार्थ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे : एफएमआरआय या मेंदूच्या चित्रणात विचार दिसत नाहीत, माया दिसत नाही. दिसतो तो रक्तातल्या प्राणवायूचा फरक, तोही काही सेकंद उशिराने, आणि मग हजारो ठिपक्यांवर केलेलं गणित. ते गणित सैल ठेवलं तर काय होतं, हे २००९ मध्ये क्रेग बेनेट आणि सहकाऱ्यांनी एक मेलेला सामन मासा यंत्रात ठेवून दाखवलं. माशाला माणसांची छायाचित्रं दाखवली, आणि नेहमीच्या दुरुस्त्या न करता हिशेब केला तेव्हा त्याच्याही मेंदूत ठिपके उजळले. मेंदू आणि वागणूक यांचं नातं सांगायचं, तर सतरा माणसं पुरत नाहीत. हजारांत माणसं लागतात.

पण माझी खरी तक्रार संख्येची नाही. यंत्रापर्यंत पोचतं कोण? दोन तास घराबाहेर राहायची मुभा असलेली बाई. अरुंद बोगद्यात, डोक्याभोवती पिंजरा लावून, ठोक्यांच्या कर्कश आवाजात निश्चल पडून राहू शकणारी बाई. जिचा गळा कधी दाबला गेला आहे, तिला तसं पडून राहायला सांगून बघा. म्हणजे जिच्याबद्दल आपल्याला जाणून घ्यायचं आहे, तीच अभ्यासातून गळते आणि उरलेल्यांच्या सरासरीला आपण ‘आईचा मेंदू’ म्हणतो. ज्यांना या विषयात खरंच काम करायचं आहे, त्यांनी अवरक्त प्रकाशाने मेंदूची सक्रियता टिपणाऱ्या टोपीचा विचार करावा. तिला मेंदूच्या वरच्या थराखेरीज खोलवरचं दिसत नाही, पण ती खेड्यातल्या उपकेंद्रात नेता येते आणि आई मांडीवर बाळ घेऊन पाजत असताना वापरता येते.

आणखी एक बाजू आहे, ती मला सर्वांत महत्त्वाची वाटते. मार डोक्यालाही बसतो. इव्ह व्हॅलेरा या अमेरिकन संशोधिकेने २००३ साली ९९ पीडित स्त्रियांची माहिती प्रसिद्ध केली. जवळपास तीन चतुर्थांश जणींना जोडीदाराच्या मारामुळे किमान एकदा मेंदूची इजा झालेली होती, आणि निम्म्या जणींना एकाहून जास्त वेळा. अशा इजेनंतर लक्ष लागत नाही, सांगितलेलं आठवत नाही, डोकं दुखतं, चिडचिड होते. आपण काय म्हणतो? ‘कितीदा सांगितलं तरी हिच्या डोक्यात शिरत नाही.’ पाजण्याच्या वेळा विसरणाऱ्या आईला भिंतीवर डोकं आपटल्याचं कधी विचारलं आहे का आपण? आणि विचारून सीटी स्कॅन केलाच, तर सौम्य इजा त्यात बहुधा दिसत नाही. ‘सीटी नॉर्मल’ हे दोन शब्द मग घरी जातात आणि सासरच्यांचं प्रमाणपत्र होतात. अहवालाखाली ‘नॉर्मल सीटीमुळे इजा झाली नाही असे ठरत नाही’ एवढी एक ओळ लिहायला आपल्याला काय लागतं?

घरी जाणाऱ्या कागदांबद्दल आणखी थोडं. एका विद्यार्थिनीचा प्रस्ताव माझ्याकडे आला होता. काम उत्तम. पण संमतिपत्राच्या पहिल्याच ओळीत ठळक अक्षरात ‘पतीकडून होणारी हिंसा’ असं होतं, आणि त्याची एक प्रत बाईने घरी न्यायची होती. तो कागद आधी कोण वाचेल, एवढंच मी तिला विचारलं. जागतिक आरोग्य संघटनेने या संशोधनासाठी सुरक्षिततेचे नियम २००१ मध्येच घालून दिले आहेत : एका घरातून एकीलाच विचारा, एकांतातच विचारा, घरात अभ्यासाचं नाव स्त्रियांच्या आरोग्याचं ठेवा, आणि बाईला स्वतःला मात्र सगळं खरं सांगून मगच संमती घ्या. यंत्राचा खर्च मागण्याआधी प्रस्तावात हे पान असायला हवं.

अंगावरचं पिणारं मूल ठेवून घेऊन आईला घराबाहेर काढतात, हेही आपण बघतो. ती तुमच्याकडे येते ती ताप आणि दगडासारखे झालेले स्तन घेऊन. आपण गळूचं औषध देतो. मूल कुठे आहे, हे विचारलं तर कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या २१ व्या कलमाखाली तात्पुरता ताबा मागता येतो, हे तिला सांगता येईल. तोवर दूध काढून कसं टिकवायचं, हेही सांगता येईल.

दूध आणि हिंसा यांचं काम हातात हात घालून होऊ शकतं, यासाठी आपल्या मुंबईचंच उदाहरण घ्या. शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये मानवी दूधपेढी सुरू केली, आशियातली पहिली. पुढे १९९९ मध्ये त्यांनीच ‘स्नेहा’ ही संस्था उभी केली, आणि नवजात बाळांच्या आरोग्याबरोबर ती संस्था स्त्रियांवरच्या हिंसेवरही काम करते. २०००-०१ पासून वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात महापालिका आणि ‘सेहत’ ही संस्था यांनी हिंसा सोसणाऱ्या स्त्रियांसाठी ‘दिलासा’ केंद्र चालवून दाखवलं की सरकारी दवाखान्यात हे काम होतं. पाळणा आणि मार हे दोन वेगळे विभाग नाहीत, हे इथे वीस-पंचवीस वर्षांपूर्वीच कळलेलं आहे.

आणि ‘आईचं दूध अमृत’ हे पोस्टर भिंतीवर असू द्या, पण मार खाल्लेल्या बाईला त्याच्याखाली उभं करून उपदेश करू नका. तिला एकटीला बसवा. सोबतच्या माणसाला औषध आणायला पाठवा. ‘घरी भीती वाटते का?’ एवढं विचारा आणि तिला बोलू द्या. नाही म्हणाली, तर पुढच्या लशीला पुन्हा विचारा. आशाताई बाळंतपणानंतरच्या ४२ दिवसांत सहा वेळा त्या घरात जातात. त्यांच्याइतकं घर कुणाला दिसत नाही, आणि त्यांना या कामाचं प्रशिक्षण आणि पाठबळ दोन्ही मिळायला हवं.

त्या एकवीस दिवसांच्या बाळाची आई माहेरी गेली. तीन आठवड्यांनी भावासोबत आली. खांदा बरा होता, बाळ दोन्ही अंगाला पीत होतं आणि वजन वाढलं होतं. त्यानंतर ती आमच्याकडे आली नाही. परत सासरी गेली, की आणखी कुठे, मला माहीत नाही. ती पहिल्यांदा आली त्याच आठवड्यात सिस्टरांनी वजनकाटा बाहेरच्या टेबलावरून उचलून आतल्या खोलीत नेला. काट्याजवळ गर्दी नको, असं कारण त्या सांगतात. आत आई आणि बाळ जातात, दार लागतं, बाकीचे बाहेर बाकावर बसतात. काटा अजून तिथेच आहे.