अमेरिकन डौल, इटालियन चपळाई



जुन्या गाड्यांचे शौकीन एकत्र जमले, की एक वाद हमखास रंगतो. गाडी बाळगावी तर अमेरिकन की इटालियन? वाद सातासमुद्रापलीकडचा वाटतो, पण त्याचं मूळ आपल्या गावाशी जुळलेलं आहे. वालचंद हिराचंद यांचा जन्म १८८२ साली सोलापुरात झाला. त्यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाईल्स काढली. कुर्ल्याच्या कारखान्यात आधी डॉज, प्लिमथ, डिसोटो या अमेरिकन गाड्यांची जुळणी झाली आणि पन्नासच्या दशकात इटलीच्या फियाटची. दोन्ही घराणी एकाच छपराखाली नांदली.

या घराण्यांच्या स्वभावाला कारणं आहेत. अमेरिकेत रस्ते लांबलचक आणि पेट्रोल स्वस्त, म्हणून इंजिन मोठं, निवांत चालणारं. इटलीत पेट्रोल महाग आणि कर इंजिनाच्या आकारावर, म्हणून इंजिन लहान पण जोरात फिरणारं. शर्यतीच्या वळणाच्या गाड्यांतही हाच फरक दिसतो. अमेरिकेची कॉर्व्हेट १९५३ मध्ये आली, १९५५ मध्ये तिला आठ सिलिंडरचं दणकट इंजिन मिळालं. इटलीच्या फेरारी २५० जीटीओचं इंजिन अवघं तीन लिटरचं, पण त्यात बारा सिलिंडर! अशा गाड्या बनल्या फक्त ३६. त्यातली एक २०१८ च्या लिलावात ४ कोटी ८४ लाख डॉलरना गेली. उलट कॉर्व्हेट, मस्टँग पुष्कळ बनल्या, त्यामुळे त्यांचे सुटे भाग आजही नव्याने तयार होतात. थोडक्यात, इटालियन गाडीची किंमत दुर्मिळतेत आणि अमेरिकन गाडीचं सुख दुरुस्तीच्या सोयीत.

आपल्याकडे मात्र हे गणित नेमकं उलटं झालं. माझ्या मामांकडे डॉज होती आणि शेजारच्या वकीलसाहेबांकडे फियाट. तुळजापूरचा घाट डॉज गिअर न बदलता चढायची, आम्ही सात-आठ पोरं मागे कोंबलेली असायचो. फियाटला गिअर बदलावे लागत, उन्हाळ्यात पेट्रोलच्या पंपावर ओलं फडकं टाकावं लागे. पण गल्लीबोळात ती माशासारखी सुळकन वळायची. १९७३ नंतर पेट्रोल कडाडलं आणि डॉजला पोसणं जड झालं. अनेकांनी अशा गाड्यांचं मूळ इंजिन काढून डिझेलचं बसवलं. मामांनीही तेच केलं. गाडी राहिली, पण तिचा आवाज गेला.

फियाट ११०० मात्र पुढे 'पद्मिनी' होऊन नव्वदच्या दशकाच्या अखेरीपर्यंत बनत राहिली. म्हणून तिचे भाग मिळतात आणि कार्बुरेटरचा आवाज ऐकून दोष सांगणारे मिस्त्री अजून आहेत. पण किती दिवस? ऑक्टोबर २०२३ अखेर मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सीही गेली. गाडी गेली की पाठोपाठ तिचा मिस्त्रीही पान्हा खाली ठेवतो.

म्हणून नव्या शौकिनांना दोन गोष्टी सांगतो. गाडी घेताना रंग पाहू नका, आधी इंजिनावरचा क्रमांक नोंदणी पुस्तकाशी ताडून पाहा. मूळ इंजिनाची डॉज मिळाली, तर ती सोडू नका. नाही मिळाली, तर खुशाल फियाट घ्या. पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी २०२१ पासून नोंदणीची स्वतंत्र सोयही झाली आहे. अशी गाडी रोजच्या वापराला चालत नाही, पण भंगारात जाण्यापासून वाचते.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. गाडीबरोबर एक म्हातारा मिस्त्री शोधा आणि एखाद्या तरुण पोराला त्याच्या हाताखाली बसवा. सुटा भाग परदेशातूनही मागवता येईल, पण मिस्त्रीच्या हाताची समज कुठून मागवणार?

मामांच्या डॉजचं मूळ इंजिन आम्ही वजनावर विकलं. तो आवाज आता मला कुठल्याच बाजारात मिळत नाही. तुमच्या पडवीत ताडपत्रीखाली एखादी गाडी झाकलेली असेल, तर आज ती ताडपत्री जरा उचलून पाहा.