सातबारा वाचता आला पाहिजे



मी गोदीत ओझी वाहतो, कविता लिहितो. भाषणाची सवय नाही. पण गोदीत एक गोष्ट शिकलो : चिठ्ठी म्हणजे माल नव्हे, पण चिठ्ठीशिवाय माल गेटाबाहेर जात नाही. सातबाऱ्याचं तसंच आहे.

गाव नमुना 7 वर जमीन कुणाच्या नावे, किती, कुठल्या शर्तीची. 12 वर कुणी काय पेरलं. ही मालकी नव्हे. सारा कुणाकडून घ्यायचा याची ही नोंद, असं कोर्टांनी कितीदा सांगितलंय. पण 1966 च्या महसूल कायद्याचं 157 वं कलम म्हणतं, उलट सिद्ध होईपर्यंत नोंद खरी धरा. म्हणजे खोटी नोंद खोडायचं ओझंही आपल्याच डोक्यावर.

आपल्यातल्या कितीतरी घरांची जमीन महारवतनाची. त्या वेठीतून सुटण्यासाठी बाबासाहेबांनी 1928 साली मुंबई कौन्सिलात बिल मांडलं. वतन गेलं ते 1958 च्या कायद्यानं. कब्जेहक्काची रक्कम भरून जमीन परत मिळाली ती नव्या शर्तीनं : कलेक्टरच्या परवानगीशिवाय विकायची नाही.

आमची सव्वा एकर त्यातलीच. आजा वारला, बाप मुंबईला आला. जमीन गहाण आहे, एवढंच घरात बोलत. गेल्या साली वारसनोंद करायला गेलो तर सातबाऱ्यावर नाव भलत्याचंच. चुलता म्हणाला, "जाऊ दे बाबा, कागदच त्यांचा."

"नाना, कागद वाचला का कुणी?"

नावाशेजारी फेरफाराचा नंबर असतो. त्यावरून नमुना 6 ची जुनी नक्कल काढली. 1974 चं खरेदीखत, खाली आज्याचा अंगठा. रकमेत धड बैलसुद्धा आला नसता. आणि कलेक्टरच्या परवानगीचा नंबर नाही, तारीख नाही, काही नाही. पन्नास वर्षं आम्ही ज्याला कागद कागद म्हणून घाबरलो, तो साला इतका पोकळ! अर्ज घातलाय. उशीर फार झालाय, वकीलही तेच म्हणतो. पण आता नाना स्वतः तारखेला येतात.

तेव्हा गावी जाल तर जत्रा करून परतू नका. सातबारा काढा, खात्याचा आठ-अ काढा, फेरफार मागे मागे वाचत जा. मेलेल्याचं नाव असेल तर वारसनोंद घाला. फेरफाराची नोटीस आली तर पंधरा दिवसांत लेखी हरकत द्या, पोच घ्या. तोंडी बोललेलं तलाठ्याच्या दप्तरात उरत नाही.

आज्याला वाचता येत नव्हतं, म्हणून त्याचा अंगठा घेतला. आपल्याला येतं. जय भीम!